मार्चअखेरची होळी

विश्रांतवाडी हे नाव ज्याने ठेवलं तो माणूस लोहगावला विमानतळ होण्यापूर्वीच वारला असावा. नाहीतर त्याने नाव बदलून घेतलं असतं. आमच्या गच्चीवरून विमान इतक्या खालून जातं की वाळत घातलेले पापड दचकतात. खाली आळंदी रस्ता चोवीस तास हॉर्न वाजवत वाहतो. पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तो संपतो न संपतो तोच लग्नसराई. वर्षातून एकदा, ज्येष्ठ वद्यात, माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना आमच्या दारावरून जाते, तेवढाच काय तो कानाला सुखावणारा आवाज. सांगायचा मुद्दा असा, की आवाज या विषयात मी पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस आहे. मला कोणी ढोल ऐकायला म्हणून शेकडो किलोमीटर लांब नेईल, असं भविष्य एखाद्या ज्योतिषाने सांगितलं असतं तर मी त्याची दक्षिणा परत मागितली असती.

होळीचं म्हणाल, तर तीही आमच्या सोसायटीत असते. दरवर्षी फलकावर सूचना लागते : ‘होळी सायंकाळी ७.३० ते ८.०० या वेळेत होईल. गोवऱ्या कार्यालयात मोजून द्याव्यात. बोंब मारावयाची असल्यास ८.१० पूर्वी मारावी.’ होळी साधारण परातीएवढी असते आणि तिच्या शेजारी वॉचमन अग्निशामक नळकांडं घेऊन असा उभा असतो, की होळीलाच आपण काही गुन्हा केल्यासारखं वाटावं. नैवेद्याची पोळी टाकली की ती विझतेसुद्धा. मग सेक्रेटरी घड्याळ बघतात आणि आम्ही लिफ्टने वर येतो.

तर असा मी, आणि आमच्या शाखेतला काउंटर नंबर तीन. बँकेत माणसाला नाव असतं ते फक्त पगारपत्रकात. एरवी तो नंबर. तीन नंबर कॅशला असतो, माझ्यासारखाच विश्रांतवाडीत राहतो, आणि नोटा मोजताना त्याची बोटं अशी चालतात की समोरचा गिऱ्हाईक रक्कम विसरून बोटंच बघत बसतो. मूळचा अक्कलकुवा तालुक्यातला, नंदुरबार जिल्हा. अत्यंत गरीब स्वभाव. पण दरवर्षी ऐन मार्चमध्ये रजा मागायचा.

मार्चमध्ये रजा! बँकेत मार्चमध्ये रजा मागणं म्हणजे पंगत बसल्यावर आचाऱ्याने जेवायला बसण्यासारखं आहे. आमच्यात मार्चमध्ये माणसं आजारीसुद्धा एप्रिलची तारीख बघून पडतात. त्यातून २०२४ साली ३१ मार्च रविवारी आला होता, आणि त्या रविवारीही सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या ठेवायचा हुकूम निघाला. मॅनेजरसाहेबांचा चेहरा तेव्हापासूनच शिलकीत फरक आल्यासारखा होता.

होळी २४ मार्चला होती. त्याच्या आदल्या सोमवारी तीन नंबर अनवाणी कामावर आला आणि खुर्ची बाजूला सारून काउंटरशी उभा राहिला. दिवसभर उभा. डबाही उभ्यानेच खाल्ला. साहेबांना घाम फुटला. खुर्ची नाकारली म्हणजे आंदोलन असणार, हा त्यांचा पूर्वानुभव. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, ‘मागण्या काय आहेत?’

मागणी कसलीच नव्हती. नवस होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला सगळं सांगितलं. त्यांच्याकडे काठी नावाचं गाव आहे, सातपुड्यात. पूर्वीचं छोटं संस्थान, म्हणून तिथली होळी राजवाडी होळी. नवस बोललेला माणूस होळीआधी काही दिवस पथ्यं पाळतो. चपला नाहीत, खाट-खुर्ची नाही, ब्रह्मचर्य. आणि होळीच्या रात्री बुध्या होऊन नाचतो. याचा नवस पाच वर्षांचा, आणि हे पाचवं वर्ष.

‘कशासाठी बोलला होतात?’ मी विचारलं.

‘पोरगं लहान असताना तापात गेलं होतं जवळजवळ. डॉक्टरांनीही हात टेकले होते.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पण त्याला सांगू नका. त्याला हे सगळं आवडत नाही.’

पोरगा नववीत. त्याला न आवडण्याचं कारण मला नंतर कळलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ बसवलं होतं आणि बाईंनी, ‘तू तर खराच आहेस’ असं म्हणून याला पुढे उभं केलं. कमरेला कागदाची पानं, तोंडाला काळा रंग, आणि सिनेमातल्यासारखं झिंगालाला हुर्र. सगळी शाळा हसली. तेव्हापासून पोराने गावाचं नाव टाकलं. गाव विचारलं तर धुळं सांगायचा. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नव्हतं. पोरगा हुशार आहे.

तीन नंबरला बुधवारपासून रजा मिळाली. साहेबांनी सही केली ती केवळ आंदोलन नाही या आनंदात. पण पोराचा शनिवारी सकाळी पेपर होता. ‘तेवढं त्याला घेऊन याल का? तुमच्या शब्दाला तो नाही म्हणणार नाही.’ माझ्या शब्दाला माझ्या घरात कोणी हो म्हणत नाही, हे त्याला ठाऊक नसावं. मी कॅलेंडर बघितलं. तेवीस तारखेला चौथा शनिवार, चोवीसला रविवार, पंचवीसला धुळवड. बँकेच्या माणसाला तीन लाल तारखा एका ओळीत दिसल्या की तो नैतिकदृष्ट्या दुबळा होतो. मी हो म्हणालो.

‘होळीला घर सोडून?’ ही म्हणाली. आणि पुढच्याच वाक्यात, ‘मी पण येणार.’ मग गाडीत सतरंज्या, दोन ब्लँकेटं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन, डासांची उदबत्ती आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या अशी चढती भाजणी झाली. पोरगा मागे कानात बोंडं खुपसून बसला. नाशिकपर्यंत त्याने एकदा ‘हो’ आणि दोनदा ‘हं’ असा व्यवहार केला.

धुळ्याला रात्र काढून दुसऱ्या दिवशी तापी ओलांडली. तळोदा, अक्कलकुवा, आणि मग देवगोईचा घाट. पळस असा पेटला होता की जंगलाने होळीची वाट न बघता परस्परच सुरुवात केली असावी. मोहाच्या फुलांचा सडा आणि त्याचा तो गुंगीचा वास. हिने खिडकी खाली केली. घाटात पोराच्या मोबाईलची रेंज गेली. त्याने कानातली बोंडं काढली आणि प्रथमच आपण होऊन बोलला, ‘काका, दुसरा गियर टाका. पुढचं वळण वाईट आहे.’ धुळ्याच्या मुलाला ते कसं माहीत, असं मी विचारलं नाही.

काठीची होळी इ.स. १२४६ पासून चालत आली आहे, असं तिकडे सांगतात. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. हे खातं पावणेआठशे वर्षं चालू आहे आणि हप्ता चुकलेला नाही. होळीचा बांबू शेजारच्या गुजरातच्या जंगलातून आणतात, आणि तो उभा करायचा खड्डा कुदळीने नाही, हाताने उकरतात. मी पोचलो तेव्हा तो उंचच उंच बांबू उभा होता आणि मैदान माणसांनी भरत चाललं होतं. महाराष्ट्रातले, गुजरातेतले, मध्य प्रदेशातले. एकेका गावाचा ताफा आपापला ढोल वाजवत डोंगरातून उतरत होता. होळीआधी इकडे भोंगऱ्या बाजार भरतात, तिथून आणलेले गूळ-डाळ्या आणि साखरेचे हार ज्याच्या त्याच्या हातात. शेतात सतरंज्या, घोंगड्या, चादरी पसरून घरंच्या घरं मुक्कामाला आली होती. आम्हीही एका बांधाशी सतरंजी टाकली. हिने उदबत्ती लावली. शेजारच्या म्हातारीने ती आमची पूजा समजून भक्तिभावाने नमस्कार केला.

बुध्ये मी प्रथमच पाहिले. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. एक पाऊल टाकलं की शंभर आवाज. मी तीन नंबरला शोधत होतो आणि मला सगळेच तीन नंबर दिसत होते. शेवटी एक बुध्या माझ्यासमोर थांबला, चष्मा काढला, पोराच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘सांभाळ. पडला तर फुटेल.’ त्याचा नंबर उणे सहा. चष्म्याशिवाय त्याला दहा हजाराची गड्डी आणि पासबुक यांत फरक दिसत नाही. पोराने चष्मा खिशात घातला, बापाकडे धड पाहिलंही नाही. बाप घुंगरं वाजवत गर्दीत गेला.

आणि मग ढोल सुरू झाले. आता आवाजातला अनुभवी माणूस म्हणून सांगतो. आमच्याकडचा आवाज कानातून शिरतो आणि डोक्यात राहतो. हा पायातून वर येत होता. ढोल आकाराने एवढे थोरले, की वाजवणारा ढोलाला बांधलाय की ढोल वाजवणाऱ्याला, ते कळू नये. रात्री अकराला मी हिला म्हणालो, ‘रक्तदाबाची गोळी कुठे आहे?’ उत्तर आलं नाही. ही सतरंजीवर नव्हती. बायकांची एक लांब रांग एकमेकींच्या कमरेत हात घालून समोरून झुलत गेली, तिच्यात पाचवी ही. बावीस वर्षांच्या संसारात माझ्याबरोबर हिची पावलं कधी पडली नव्हती, ती तिथे अनोळखी बायकांबरोबर बिनचूक पडत होती.

मी नुसता बघायला म्हणून जवळ गेलो. एका हाताने माझा डावा दंड धरला, दुसऱ्याने उजवा. कोण होते, माहीत नाही. मी म्हणालो, ‘मला येत नाही.’ ढोलात ते कोणाला ऐकू जाणार? दोन पावलं पुढे, एक मागे, जरा झुकायचं. सुरुवातीला मी सवयीने मोजत होतो. दोन जमा, एक नावे. बाकी एक. मग कधीतरी मोजायचं राहून गेलं. रांगेतून बाहेर पडायची सोय नसते, त्यासाठी दोन्ही बाजूंची परवानगी लागते. गुडघा माझ्याशी काहीतरी बोलत होता; त्यालाही ऐकू गेलं नाही.

मध्यरात्रीनंतर पोरगा दिसेना. माझ्या पोटात गोळा आला. परक्याचं पोर, तेही नवसाचं. गाडीत नाही, सतरंजीवर नाही. हजारो माणसांत एक चौदा वर्षांचा, जीन पँट घातलेला पोरगा मी शोधत हिंडलो. आणि जीन पँटी तिथे भरपूर होत्या. शेवटी सापडला तो ढोलांच्या गराड्यात. त्याचा आजा, पंच्याहत्तरी उलटलेला, ढोल वाजवत होता. खांदा आता पेलत नव्हता, म्हणून नातू पट्टा दोन्ही हातांनी वर उचलून धरून उभा होता. नाचत नव्हता, वाजवत नव्हता. नुसता वजन धरून. ‘दमलास का?’ मी ओरडलो. त्याने मान हलवली. पाठीला कळ लागली असणार, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी माझ्या रुमालाने पुसला. माझा त्या होळीतला एवढाच अधिकृत सहभाग.

दहा हातांवरून त्याचा बाप घुंगरं वाजवत तीनदा गेला. त्याला दिसत असतील ते नुसते पांढरे-काळे डाग. ही मला म्हणत होती, ‘अहो, सांगा ना त्यांना, पोरगं ढोल धरून उभंय!’ पण त्या गदारोळात सांगणार कसं? खुणा केल्या, तर तो मला दुसराच कोणी समजून प्रसन्नपणे हसला आणि पुढे गेला.

पहाटे होळी पेटवली. बांबू खालून वरपर्यंत उजळला आणि सगळं मैदान एकदम पिवळं झालं. आजाने टिपरू थांबवलं. पोराने ढोल हळूच खाली टेकवला, हात झटकले, खिशातून चष्मा काढला आणि सरळ नाचणाऱ्यांत शिरला. बापाला धरून थांबवलं. चष्मा लावायला गेला तर टोपाखाली कान सापडेनात. शेवटी त्याने तो दोन बोटांनी बापाच्या नाकावर नुसता धरून ठेवला, आणि दोघे तसेच होळीकडे बघत उभे राहिले. मागचे बुध्ये त्यांना वळसा घालून नाचत राहिले. मोबाईलवर फोटो काढावा असं माझ्या मनात आलं, पण फोन सतरंजीखाली होता, आणि उजवा हात पुन्हा कोणीतरी धरला होता.

परतीच्या वाटेवर पोरगा पुढे बसला. ही मागे झोपली. चाळीसगाव फाटा गेल्यावर म्हणाला, ‘काका, बाबांचा नवस संपला ना या वर्षी?’

स्टिअरिंग माझ्या हातून जरा हललंच. ‘तुला कोणी सांगितलं?’

‘आजोबांनी. तिसरीत असतानाच.’ मग बराच वेळ बाहेर बघत होता. ‘बाबांना नका सांगू मला माहितेय ते. पुढच्या वर्षी होळी कधी आहे?’

मी घरी आल्यावर बघितलं. १३ मार्च २०२५, गुरुवार. धुळवडीची सुट्टी शुक्रवारी. म्हणजे गुरुवारी रजा लागणार. एक नव्हे, दोघांना. साहेबांना ही बातमी अद्याप दिली नव्हती.

तीन नंबर सणाचे उरलेले दिवस गावी काढून गुरुवारी, २८ तारखेला कामावर आला. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. खुर्ची पुढे ओढून बसला तेव्हा साहेबांनी केबिनच्या काचेतून सुटकेचा निःश्वास टाकला. कॅशच्या रांगेत पहिल्याच एक पेन्शनर आजीबाई होत्या. त्यांनी स्लिप सरकवली आणि काचेला डोळे लावून म्हणाल्या, ‘अहो, तुमच्या कानामागे चुना लागलाय.’

‘असू द्या आजी,’ तीन नंबर म्हणाला, आणि नोटा मोजू लागला.