लग्नाची कॅसेट आणि राधाकल्याण

'हम आपके हैं कौन..!'बद्दलच्या तक्रारी मला तोंडपाठ आहेत, कारण त्यातल्या निम्म्या आमच्याच घरात झाल्या. गोष्ट नाही. खलनायक नाही. गाणी चौदा. माणसं इतकी गोड की ऐकणाऱ्याची साखर वाढावी. आणि या सगळ्यावरचा शिक्का: ही तर लग्नाची कॅसेट! 5 ऑगस्ट 1994 ला आलेल्या या सिनेमाने मुंबईच्या लिबर्टीत शंभरावर आठवडे मुक्काम ठोकला, तरी हा शिक्का काही पुसला गेला नाही.

मला तो शिक्का मान्य आहे. त्यात वाईट काय, एवढंच कळत नाही. आणि हे न कळणं कुंभकोणमला जाऊन आल्यापासून जास्तच वाढलं.

तिथे माझ्या आत्तेसासूबाई असतात. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर इकडे स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक. घरात मराठी, दाराबाहेर तमीळ. त्यांच्या गल्लीत दरवर्षी राधाकल्याण असतं. कल्याण म्हणजे इकडे लग्न. राधेचं आणि कृष्णाचं लग्न भजनी मंडळी साग्रसंगीत लावून देतात. शेजारच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी (1777–1817) जी भजनपद्धती बांधून दिली, तिच्यात जयदेवाच्या अष्टपदी येतात, दिव्यनाम कीर्तनं येतात आणि मधूनच आपले अभंगही येतात. रात्री समई मध्ये ठेवून तिच्याभोवती फेर धरून गातात. सकाळी बायका मुसळ हातात घेऊन लग्नाचं कांडण करतात. मग झोपाळ्यावर वधूवर बसतात, म्हणजे त्यांच्या मूर्ती. सुवासिनी दूध-केळं देतात, रंगवलेल्या भाताचे मुटके ओवाळून चारी दिशांना भिरकावतात. एक मुटका माझ्या पायाशी येऊन पडला तेव्हा मी दचकले, तर शेजारच्या आजी हसल्या आणि मला जरा पुढे ओढून घेतलं. इथे बघे कुणी नसतात. आलेला प्रत्येक जण मुलीकडचा, नाहीतर मुलाकडचा.

पुढे काय होणार हे त्या मांडवात सगळ्यांना ठाऊक असतं. खलनायकाची वाट कुणी पाहत नाही. गाणी कमी करा, असं तर कुणाच्या मनातही येत नाही. गाणी वगळली तर उरेल काय? केळीच्या पानावरचं जेवण आणि वर फिल्टर कॉफी.

या प्रांतात लग्नाचा असा प्रयोग करण्याला आपल्याच लोकांचा हात लागलेला आहे. तंजावरच्या शहाजीराजांचं (राज्यकाळ 1684–1712) 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे पहिलं मराठी नाटक, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्यांना ते पटत नाही ते 1843 सालच्या सांगलीकडे बोट दाखवतात, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'कडे. वाद चालू द्या. पहिली घंटा इकडे वाजली असो की तिकडे, मांडव लग्नाचाच होता!

सूरज बडजात्यांच्या सिनेमात मग वेगळं काय आहे? साखरपुडा, नवरदेवाचे जोडे लपवणं, विहीण-व्याह्यांची थट्टा, डोहाळजेवण, बारसं. गोष्ट या विधींच्या फटीतून चालते. आपल्याकडे विहिणीच्या पंगतीत गाण्यांतून चिमटे काढायची रीत होती. तमीळ लग्नात आजही संबंधी (म्हणजे व्याही) मंडळींची तशीच टर उडवतात. आत्तेसासूबाईंना हिंदी फारसं येत नाही. टीव्हीवर हा सिनेमा लागला तेव्हा त्यांनी एकदाही 'हा कोण, ती कोण' विचारलं नाही. सलमान गायला लागला तेव्हा गाण्यातला आवाज ओळखून फक्त म्हणाल्या, "अगं, हा तर आमचा एसपीबी!" मराठी माणसं मी मोजून दाखवली: माधुरी, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्या, नृत्यदिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेलेले जय बोराडे, आणि संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे आपले विजय पाटील. पुण्यातल्या कार्यालयात इतकी आपली माणसं एका वेळी भेटत नाहीत.

सिनेमातल्या श्रीमंतीची तक्रारही टिकत नाही असं मला वाटतं. लग्नाला जाताना आपणही घरातली सगळ्यात भारी साडीच काढतो.

एक दोष मात्र खरा आहे आणि तक्रारखोरांनी त्याला हातच लावला नाही. थोरली बहीण जिन्यावरून पडून दगावते. तान्ह्या बाळासाठी धाकटीने मेहुण्याशी लग्न करावं, असं मोठी माणसं ठरवतात. धाकटी, म्हणजे निशा, होकार देते ती मेहुण्याच्या धाकट्या भावाशी, प्रेमशी, लग्न ठरतंय असं समजून. खरं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ती गप्प बसते. प्रेमही गप्प. खलनायक नाही म्हणणाऱ्यांनी या गप्प बसण्याकडे नीट पाहावं. चांगल्या घरांत मुलीला सरळ विचारत नाहीत आणि मुलगी सरळ सांगत नाही.

सरळ सांगणारी मुलगी पाहायची तर कुंभकोणमहून जेमतेम दहा किलोमीटरवर तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी देवळात एक पितळी दीपलक्ष्मी आहे. हातात दिवा धरून उभी असलेली ही बाई तंजावरच्या मराठी राजघराण्यातली, अम्मणी. नात्यातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावं म्हणून तिने लक्षदीपांचा नवस बोलला. नवस फळला, तेव्हा त्या दिव्यांतला एक म्हणून स्वतःचीच मूर्ती देवापुढे ठेवली आणि खाली बैठकीवर सगळी हकीकत कोरून घेतली. एकोणिसाव्या शतकातली राजघराण्यातली मुलगी, कुणाशी लग्न करायचंय ते देवाला सांगते आणि चारचौघांत लिहूनही ठेवते.

निशाने एक चिठ्ठी लिहिली, तीही टफीने चुकीच्या भावाकडे पोचवली म्हणून सगळं निभावलं. दोन सुशिक्षित घरांमध्ये बोलायची वेळ आली ती कुत्र्यावर! एवढी एक तक्रार दिग्दर्शकाच्या नावावर लिहा. बाकीच्या परत घ्या.