अम्मींच्या घड्याळाचा चार्ज कोणाकडे?

आमच्या शाळेत ‘चार्ज’ या शब्दाचा एकच अर्थ आहे. मुख्याध्यापक रजेवर गेले की कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपट आणि शिक्का ज्याच्या हाती येतो, त्याच्याकडे चार्ज आला असे आम्ही म्हणतो. गेली दोन वर्षे हा शब्द घरातही दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येतो, पण तो मनगटावरच्या घड्याळाबद्दल. “अम्मी, चार्ज किती आहे?” हा प्रश्न सकाळी मी विचारते, दुपारी माझा मुलगा विचारतो आणि रात्री दोह्याहून माझा दीर विचारतो.

घड्याळ त्यानेच पाठवले. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७४, रक्तदाबाची गोळी चालू, आणि हृदयाचे ठोके मधूनच अनियमित पडतात म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलेले. आमचे घर चिपळूणपासून आत, खाडीकाठच्या गावात. मी आणि माझे पती दोघेही शिक्षक, सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळी येतो. कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत असे घर शोधावे लागत नाही. एक मुलगा आखातात, एक नोकरीवर आणि ओसरीवर आई. पूर्वी आखातातून पत्र यायचे, मग एस.टी.डी. बूथवरचा फोन, मग व्हिडिओ कॉल. आता मुलाला आईची नाडीच आपल्या मोबाईलवर दिसते. पडल्याचे ओळखून घरच्यांना कळवण्याची सोयही या घड्याळात आहे. बाजारात दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत ती नसते, हे घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. आणि घड्याळ कितीही महाग असले तरी त्याचे आकडे म्हणजे डॉक्टरांची तपासणी नव्हे.

माझ्या सासऱ्यांचे, अल्लाह त्यांना मग्फिरत देवो, एच.एम.टी. जनता घड्याळ अजून कपाटात आहे. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळे करायला सुरुवात केली, आणि एके काळी नोकरी लागलेल्या माणसाच्या मनगटावर तेच असे. सासरे फज्रनंतर चहा येईपर्यंत त्याला चावी देत. अर्ध्या मिनिटाचे काम. चावी द्यायची राहिली तर घड्याळ थांबे आणि थांबलेले दिसे. नव्या घड्याळाचे तसे नाही, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच आहे.

दीर म्हणाला होता, “भाभी, तीन दिवस बॅटरी चालते.” आमच्याकडे ती दीड दिवसही पुरेना. कारणे शोधायला मला महिना लागला. आधी आकारच पाहा. आजच्या मोबाईलची बॅटरी साधारण ५००० एम.ए.एच.ची असते, मनगटी घड्याळाची बहुधा दोनशे ते पाचशेच्या दरम्यान. एवढ्याशा बॅटरीवर पडदा उजळायचा, ठोके मोजायचे, मोबाईलशी जोडलेले राहायचे आणि थरथरून निरोपही द्यायचे. अ‍ॅपलचे पहिले घड्याळ २०१५ मध्ये आले तेव्हा कंपनीनेच १८ तास सांगितले होते. तेव्हा खोक्यावरचे तीन दिवस म्हणजे सगळ्या सोयी चालू ठेवून तीन दिवस नव्हेत.

बाकी कारणे आमच्या घरातलीच निघाली. हात वर केला की पडदा उजळावा, अशी सोय या घड्याळात असते. अम्मींची नमाज पाहत बसले तेव्हा लक्षात आले की तक्बीरला हात उचलले की पडदा उजळतो, सजद्यातून उठल्या की उजळतो. रमजानमध्ये तरावीहच्या वीस रकअती धरल्या तर हा हिशेब कुठे जातो बघा! शिवाय नमाजेत डोळ्यांसमोर उजेड पडायचा तो वेगळाच. ती सोय बंद केली, आता बटण दाबल्यावरच वेळ दिसते. दुसरे म्हणजे आमच्या घराच्या जांभ्याच्या जाड भिंती. मोबाईल माजघरात चार्जिंगला आणि अम्मी मागच्या पडवीत, मग ब्लूटूथ तुटायचे आणि घड्याळ मोबाईलला शोधत राहायचे. या शोधण्यातही बॅटरी जाते. आता मोबाईल कापडी पिशवीत घालून अम्मींच्या आसपास ठेवतो. तिसरे, व्हॉट्सअ‍ॅप. अम्मी खानदानाच्या चार ग्रुपमध्ये आहेत. प्रत्येक ‘जुमा मुबारक’ला मनगट थरथरायचे. ग्रुपचे निरोप घड्याळावर येणे थांबवले, फक्त फोन येऊ दिले. एवढ्यावर बॅटरी दोन दिवसांच्या पुढे गेली.

मग माझ्या मुलाने, तो नववीत आहे, आणखी एक युक्ती केली. बॅटरी वाचवण्याची सोय कायमची चालू करून टाकली. चार्ज चार दिवस पुरू लागला. सगळे खूश.

एका पहाटे फजरच्या आधीच पतींचा फोन वाजला. दोह्याहून दीर. तो रात्रपाळीला होता, तिथे तेव्हा एक वाजून गेला होता. “अम्मी बऱ्या आहेत ना? आदल्या दुपारपासून ठोक्यांची नोंदच नाही.” पती धावत अम्मींच्या खोलीत गेले. अम्मी शांत झोपलेल्या, अल्हम्दुलिल्लाह. घड्याळही मनगटावर, वेळ बरोबर दाखवत होते.

बॅटरी वाचवण्याच्या सोयीत घड्याळ बंद करते काय, तर जे सर्वात जास्त खाते ते. आमच्या घड्याळात, आणि इतर अनेक घड्याळांतही, त्यात दिवसभर आपोआप ठोके मोजणे येते, रात्री रक्तातला ऑक्सिजन पाहणे येते आणि ठोके अनियमित झाल्याची सूचनाही येते. पडदा मात्र चालू राहतो. बॅटरी अगदी संपत आली तर काही घड्याळे फक्त वेळ तेवढी दाखवत राहतात. म्हणजे अम्मींच्या लेखी घड्याळ चालू, आमच्या लेखी चालू, आणि ज्या कामासाठी ते आणले ते काम केव्हाच थांबलेले. थांबलेली जनता कोणालाही फसवत नव्हती.

त्या दिवशी आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. या घड्याळाकडून आपल्याला काय हवे? पावले मोजायला नकोत, हवामान नको, गाणी नकोत, जी.पी.एस. नको, कारण अम्मी अंगणापलीकडे एकट्या जात नाहीत. ठोके हवेत आणि पडल्याची सूचना हवी. मग नको ते सगळे बंद केले आणि हवे ते पूर्ण चालू ठेवले. यात बॅटरी दोन दिवस टिकते. चार दिवसांच्या लोभापेक्षा हे दोन दिवस मला बरे वाटतात.

त्यानंतर पावसाळा आला आणि घड्याळ चार्जच होईना. चार्जरवर ठेवले की खूण यायची, मिनिटभराने जायची. सकाळी पाहावे तर आकडा ११ टक्के. चिपळूणच्या एका दुकानात नेले. काउंटरवरच्या मुलाने उलटेही करून न पाहता सांगितले, “बॅटरी गेली, नवीनच घ्या.” मी ते पर्समध्ये टाकले आणि निघाले. विज्ञानाच्या सरांनी शाळेत भिंग लावून पाहिले, तर घड्याळाच्या पाठीवरच्या धातूच्या दोन ठिपक्यांवर काळपट-हिरवा थर. घाम खारट, आमची हवा दमट, त्यात दिवसातून पाच वेळा वुजू. ओल्या ठिपक्यांतून वीज गेली की धातू गंजतो, आणि थर चढला की वीज पुढे जात नाही. जुन्या मऊ ब्रशने हलकेच घासले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, पूर्ण वाळू दिले. घड्याळ चार्ज होऊ लागले. अम्मींनी मिसवाकचा तुकडाही पुढे केला होता, पण तो या कामाला राठ.

चार्जरच्या टोकाला चुंबक असते, हे घरातल्या मुलींना सांगून ठेवावे असे आहे. ज्या फळीवर तो पडलेला असतो, तिथेच आपल्या स्कार्फच्या टाचण्या असतात. आमच्याकडे एक टाचणी चुंबकाला चिकटून दोन्ही टोकांवर आडवी बसलेली मिळाली. तशीच वीज चालू केली असती तर ती तापली असती. आता चार्जर डब्यात असतो. चार्जर मोबाईलच्या जलद अडॅप्टरला न लावता पुस्तिकेत सांगितलेल्या साध्या अडॅप्टरलाच लावतो. वीज गेल्यावर पॉवरबँकला लावले की काही वेळाने आपोआप बंद पडते, त्याचेही कारण साधे आहे. घड्याळ इतकी थोडी वीज ओढते की पॉवरबँकला वाटते जोडलेले काहीच नाही. काही पॉवरबँकांत यासाठी कमी विजेचे वेगळे बटण असते, घेताना ते पाहावे.

आता चार्जिंगची वेळ. सगळेच सांगतात की आंघोळीला किंवा वुजूला घड्याळ काढाल तेव्हाच चार्जला लावा, वेळ वाया जात नाही. अम्मींनीही तीच सवय लावून घेतली होती. गेल्या हिवाळ्यात पहाटे त्या घड्याळ चार्जरवर ठेवून न्हाणीत गेल्या. फरशी ओली होती. उभ्या राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या नळाला धरून खाली बसल्या. मनगट मुरगळले, डोक्याला लागले नाही. किती वेळ बसल्या होत्या ते त्यांनाही सांगता येईना. माझा मुलगा पाणी प्यायला उठला म्हणून कळले. घड्याळ तेव्हा फळीवर होते आणि ८७ टक्के चार्ज झालेले होते.

म्हातारे माणूस पडते कुठे? ओल्या फरशीवर, अंधारात, एकटे असताना. वुजू आणि आंघोळ या त्याच वेळा आहेत. जवान माणसासाठी जो सल्ला शहाणपणाचा, तो अम्मींसाठी उलटा. म्हणून आमच्याकडे आता घड्याळ मनगटावरून उतरते ते मगरिबनंतर, अम्मी चटईवर बसून मुलांचा सबक ऐकतात तेव्हा. खोलीत चार माणसे असतात, घड्याळाची गरज नसते. इशाच्या अजानपर्यंत जेवढे भरेल तेवढे भरते, आणि दोन दिवस चालणाऱ्या बॅटरीला रोजचा हा एक तास पुरतो. लिथियमच्या बॅटरीला रोज काठोकाठ भरण्याची किंवा पार रिकामी होण्याची गरज नसते, उलट मधल्या टप्प्यात ती जास्त वर्षे टिकते. वुजूला घड्याळ हातातच राहते. पट्टा सैल ठेवला आहे, घड्याळ वर-खाली सरकवून अम्मी खाली पाणी पोचवतात. पाणी चालणारे घड्याळ असले तरी साबण आणि कढत पाणी त्याला चालत नाही, म्हणून आंघोळीला ते निघते आणि तेव्हा घरातले कोणीतरी न्हाणीच्या दाराशी असते. चार्जला लावण्याआधी पाठ कोरड्या फडक्याने पुसणे हे धाकट्या मुलीचे काम. ती ते हजेरी घेतल्यासारखे करते.

अर्थात बॅटरीचेही वय होते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुले अवाक होतात. त्यांची बॅटरी मात्र एवढे जगत नाही. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणा कमी होत जाते, आणि उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर लवकर कमी होते. घड्याळ बराच काळ कपाटात ठेवायचे तर निम्मे भरून ठेवावे, पूर्ण रिकामे ठेवले तर पुन्हा उठेलच असे नाही. आणि मागची काच वर उचललेली दिसली तर बॅटरी फुगली समजून घड्याळ ताबडतोब हातातून काढावे, दाबून बसवू नये, कचऱ्यातही टाकू नये. चिडचिड होते ती बदलण्याच्या बाबतीत. एवढ्याशा बॅटरीसाठी बहुतेक ठिकाणी अख्खे घड्याळच बदलायला सांगतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला आहे की फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या उपकरणांतली बॅटरी काढून बदलता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. आपल्याकडे येईल तेव्हा येईल.

आमचे घड्याळ आता दोन दिवसांऐवजी दीड दिवस चालते. दीर डिसेंबरात येणार आहे, इन्शाअल्लाह, आणि नवे, मोठ्या बॅटरीचे घड्याळ आणतो म्हणतो. मी त्याला सांगितले आहे की आधी याच घड्याळाचा आणखी एक चार्जर मिळाला तर घेऊन ये, आणि सुट्टी पंधरा दिवसांऐवजी महिन्याची मिळते का ते बघ. अम्मींना यातले दुसरे अजून सांगितलेले नाही.