हातात वल्हे

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या आईला आपण पाण्याने भरलेली कळशी उचलू देत नसाल. हात सुजेल ही भीती निराधार नाही. काखेतील रसग्रंथी काढल्यावर तेथील द्रवाचा निचरा मंदावतो. परंतु या भीतीपायी हात न हलवल्याने आखडलेले खांदेही मी पुष्कळ पाहतो.

अशा घरी मी व्हँकूव्हरच्या होडीविषयी सांगतो. १९९६ साली तेथील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या आजारातून गेलेल्या २४ स्त्रियांचा चमू उभारला. 'ड्रॅगन बोट' ही लांबट होडी वीस जणी जोडीजोडीने बसून वल्हवतात. पुढे ढोल ताल देतो, मागे एक जण दिशा सांभाळतो. दंडाला याहून कष्टाचे काम क्वचितच असेल, आणि नेमके म्हणूनच ते निवडले होते. आधी व्यायामशाळेत हळूहळू ताकद वाढवली, मग पाण्यात उतरल्या. कोणालाही नव्याने सूज आली नाही, आधीची वाढलीही नाही. संख्या लहान होती खरी. पण पुढील अभ्यासांतही क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम सुरक्षित ठरला. आज अनेक देशांत असे चमू आहेत. माझ्या मते त्यांतला निम्मा गुण सोबतीचा असावा.

आपल्या गावी होडी नसली तरी चालेल. शल्यचिकित्सक व फिजिओथेरपिस्ट यांना विचारून अगदी हलक्या व्यायामापासून आरंभ करावा. बांगडी घट्ट होऊ लागली किंवा हात जड वाटला, तर डॉक्टरांना दाखवावे. हात लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी.