शेजारणीचा कुत्रा आणि फोर्ट डी सोटोचा किनारा

आपल्या घरांत कुत्र्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न कपड्यांचा येतो. शिवला तर नमाज होईल का? आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे कुत्र्याची लाळ आणि त्याचं ओलं अंग नापाक. जिथे लागेल ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एकदा माती कालवलेल्या पाण्याने. हनफी घरांत लाळ नापाक, पण कोरडं अंग लागल्याने कपडा बिघडत नाही. मालिकींच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच आहे. आमच्या शाफईंतही दोन्ही बाजू कोरड्या असतील तर काही लागत नाही. थोडक्यात, सगळी अडचण ओलाव्याची. आणि मला जायचं होतं नेमकं समुद्रावर!

कुत्रा आमचा नव्हे. माझी लेक अमेरिकेत फ्लोरिडात, टँपाजवळ राहते. तिच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक ख्रिस्ती बाई एकट्या असतात. त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेताना त्यांना स्वतःपेक्षा बिस्किटची काळजी. बिस्किट म्हणजे मांजराएवढा, चार किलोंचा, कान लोंबणारा प्राणी. लेकीने त्याला मागच्या जाळीच्या व्हरांड्यात ठेवलं. त्याची भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, घरात प्रवेश नाही. शिकार, गुरं किंवा शेतीची राखण यांसारख्या कारणाशिवाय कुत्रा पाळला तर सवाब घटतो, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. पण हे पाळणं नव्हतं, शेजारणीची अमानत होती. शेजाऱ्याबद्दल जिब्रीलनी इतक्या वेळा ताकीद दिली, की आता त्याला वारसाहक्कही मिळेल की काय असं प्रेषितांना (स.) वाटलं, ही हदीस कोणाला ठाऊक नाही? मला तरी त्या व्हरांड्यात वावगं काही दिसलं नाही.

बाई दर रविवारी त्याला फोर्ट डी सोटोला न्यायच्या. तो आठवडाभर दाराकडे तोंड करून पडून होता, नीट खातही नव्हता. नातू म्हणाला, “नानी, त्याला वाटतंय की ती मेली.” नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकल्यावर डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही निघालोच.

टँपा उपसागराच्या तोंडाशी पाच बेटं मिळून हे उद्यान झालं आहे. क्षेत्र 1,136 एकर, मालकी पिनेलास काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी म्हणा. किल्ल्याचं बांधकाम 1898 साली स्पेनशी झालेल्या युद्धाच्या वेळी सुरू झालं. शिंपले घातलेल्या काँक्रीटच्या जाड भिंती, आत बारा इंची तोफा. शत्रूवर त्या कधी चालल्याच नाहीत. हर्णैचा सुवर्णदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा किल्ला म्हणजे रेतीत पुरलेलं कोठार वाटतं. वरून मात्र देखावा मोठा आहे. एका बाजूला एग्मॉन्ट बेटावरचं 1858 सालचं दीपगृह; त्याच बेटावर सेमिनोल आदिवासींना कैदी करून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूला स्कायवे पुलाच्या पिवळ्या तारा.

कुत्र्यांसाठी इथे कुंपण घातलेली आवारं आहेत, मोठ्यांचं वेगळं, लहानांचं वेगळं. हे वेगळेपण फार शहाणपणाचं. मोठा कुत्रा नुसता खेळायला आला तरी बिस्किटसारख्याच्या बरगड्या मोडतील. आवारात दोरी सोडता येते. बाहेर सहा फुटांच्या आतली दोरी हवीच. लगतच किनाऱ्याचा एक तुकडा कुत्र्यांना राखलेला आहे. माणसांच्या पोहण्याच्या किनाऱ्यांवर त्यांना बंदी. जो तो आपल्या कुत्र्याची घाण पिशवीत उचलून डब्यात टाकत होता. आपल्याकडे समुद्रावर सकाळी फिरणाऱ्यांना याचं मोल कळेल.

आवारात बिस्किट दहा मिनिटं नुसता उभा राहिला. प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे मान वळवायचा. मग किनाऱ्यावर नेलं तशी त्याने दोरी ताणली आणि सरळ पाण्यात. नातू मागोमाग, पण पाय घासत घासत. तिथे वाळूत पाकट मासे दबून बसतात. पाय उचलून टाकला तर काटा बसतो, घासत गेलं तर ते आधीच सटकतात. हर्णैच्या कोळणींना हे वेगळं सांगायला नको.

मी दहा हात लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी. ओला कुत्रा अंग झाडतो तेव्हा पाणी कुठवर उडतं, याचा अंदाज मी व्हरांडा धुताना घेतला होता. लेकीने पावसाळी कोट घातला होता, नमाजचे कपडे गाडीत पिशवीत बांधून ठेवले होते. बंदोबस्त असला की माणूस निवांत राहतो.

मग तो खारं पाणी चाटू लागला. हे कुत्र्याला घातक. थोडं जास्त गेलं तरी उलट्या होतात, लहान जीव लवकर खालावतो. त्याचं भांडं घरीच राहिलं होतं. नातवाने आपली बाटली पुढे केली, पण ओतणार कशात? विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर आलेल्या माणसाची हदीस मी याच पोराला झोपताना सांगितली होती. तो माझ्या चपलेकडे पाहू लागला. माझ्या डब्याचं झाकण खोल होतं. ते वाळूवर ठेवलं, पाणी ओतलं आणि बाजूला झाले. बिस्किटने तीनदा रिकामं केलं. झाकण वेगळ्या पिशवीत गेलं. घरी सात वेळा धुतलं, एकदा मातीने.

असरला ताडाच्या झाडांखाली मुसल्ला टाकला. जन्मभर पश्चिमेला तोंड करणारी मी, इथे किबला ईशान्येकडे! समुद्र पाठीशी. नातू कुत्र्याची दोरी धरून लांब बसला होता. आमचं झाल्यावर त्याने लेकीच्या हाती दोरी दिली, वुजू करून आपली पढली.

त्याने फोटो काढून बाईंना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न, “पाणी प्यायला ना तो?” नातवाने झाकणाची सगळी हकिकत सांगितली. मग फोन व्हरांड्यात नेऊन बिस्किटच्या कानापाशी धरला, हात कोरडा आहे ना हे आधी मला दाखवून.