रिकाम्या हातांनी

"रिकामं कसाले फिरानं?" माझ्या थोरल्या वहिनींचा हा सवाल जळगावच्या आमच्या घरात चार वर्षे घुमत होता. त्यांचे माहेर धुळे तालुक्यातले. कापूस वेचत, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन त्या वाढल्या. पाय उचलायचा तो कामासाठी, हातात काहीतरी घेऊनच. दादांच्या नोकरीमुळे शहरात आल्या आणि शेत सुटले. ताट मात्र तेच राहिले: बट्टीवर तुपाची धार, शेवभाजीवर तर्री. पन्नाशी उलटल्यावर गुडघे धरले, साखर वाढली.

डॉक्टरांनी चालायला सांगितले. मुलाने पुण्याहून पावले मोजणारे घड्याळ पाठवले. महिनाभरात ते कपाटात गेले. रोज दहा हजार पावले हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला, हे मला पुढे वाचनात कळले. जागतिक आरोग्य संघटना पावले सांगतच नाही. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम करावेत, दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा, एवढेच ती म्हणते.

"दिवसभर उभीच तर असते मी," वहिनी म्हणायच्या. घरोघरी बायका हेच सांगतात, आणि त्यांचे खोटेही नसते. तरी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या 2024 च्या अभ्यासानुसार देशातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत 57. ओट्यापाशी उभे राहून पाय थकतात, पण दम लागत नाही.

मग एके दिवशी शेजारच्या काकू आल्या. यजमान गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मेहरूण तलावावर जावेसे वाटते, पण एकटीला नको वाटते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी चप्पल घालून दारात उभ्या होत्या!

आमच्या उपदेशाने जे झाले नाही, ते काकूंच्या एका विनंतीने झाले. वहिनींच्या लेखी आता चालणे रिकामे नव्हते. कोणाला तरी सोबत करायची होती.

मध्यम श्रम म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच ठरवले. चालताना गप्पा मारता याव्यात, पण जात्यावरची ओवी म्हणायला दम पुरू नये. एप्रिलमध्ये पारा 43 च्या वर गेला तेव्हा दोघी पाचलाच निघू लागल्या. मे महिन्यात मात्र तीन आठवडे खंड पडला. सुरुवातीपेक्षा असा खंड पडल्यावर पुन्हा उठणे जास्त कठीण, असे मला वाटते. मृगाची पहिली सर आली आणि काकूंनीच दार वाजवले.

दिवाळीनंतर वहिनी माहेरी गेल्या आणि लळिंग चढून आल्या. धुळ्यापासून दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतचा हा किल्ला त्यांनी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. चढल्या कधीच नव्हत्या. बसत-उठत, भाचीचा हात धरत त्या वर पोहोचल्या.

गुडघे अजून दुखतात, साखरेची गोळीही चालू आहे. पण जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. गेल्या महिन्यात काकू मुलीकडे गेल्या, तेव्हा पहाटे माझ्या दारावर थाप पडली. "चला भाऊजी, मले सोबत नाही आज." त्या दिवसापासून मीही तलावावर जातो.