चुलीचा अर्धा वाटा

न्यायालयात जे खटले चालतात त्यांना मुदत असते, अपील असते आणि कधी ना कधी शेवटही असतो. परंतु प्रत्येक घरात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास एक प्रकरण उभे राहते, त्याला यांपैकी काहीच नसते. 'आज रात्री जेवायला काय?' हा तो प्रश्न. काल दिलेला निकाल आज लागू पडत नाही; उलट कालचेच आज पुन्हा ताटात आले तर सर्व पक्षकार असंतुष्ट होतात. त्यातही विशेष असे की, प्रश्न सगळ्या घराने विचारावयाचा आणि उत्तर मात्र एकाच व्यक्तीने द्यावयाचे, असा प्रघात पडून गेला आहे. या प्रघाताविषयी चार शब्द लिहावे, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

आमच्या पेडणे महालात पूर्वी दिवसाचा क्रम शेत ठरवीत असे. सकाळी दहा-अकराला पेज, दुपारी शीत-हुमण, आणि दिवेलागणीनंतर फार उशीर न करता रात्रीचे जेवण. आता तो अधिकार शेताकडून घड्याळाकडे गेला आहे. मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि गावातील मुलगे-मुली पाळ्यांच्या नोकऱ्यांवर जाऊ लागली. तिकडे डिचोलीत २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ज्या घराचा सारा संसार एका ट्रकावर चालला होता, त्या घराला एकाच मिळकतीवर विसंबून राहता येत नाही हे कळून चुकले. दोघांनी मिळवावे, मुलांनी शाळेनंतर शिकवणीला जावे, आणि सर्वांनी दमून भागून सातला घरी यावे, हा आता अपवाद राहिलेला नाही.

अशा घरातील रात्रीच्या जेवणावर बाजाराने दोन उपाय काढले आहेत. एक पाकिटातल्या शेवयांचा आणि दुसरा स्कूटरवरून येणाऱ्या पार्सलाचा. अडीअडचणीला दोन्ही चालतील. पण रोजच्या रोज मीठ, तेल आणि मैदा यांवर वाढणाऱ्या मुलांचे अंग कशाचे घडणार, याचा विचार कोणी तरी करावयास हवा. त्यासाठी परक्या पुस्तकांची पाने चाळण्याची मात्र गरज नाही. आपल्या गोमंतकीय स्वयंपाकात अर्ध्या तासात होणारे आणि अंगी लागणारे पदार्थ मुबलक आहेत.

कुळथाची पिठीच घ्या. लसणाची फोडणी, दोन आमसुले, थंड पाण्यात कालवलेले पीठ, आणि ढवळत राहून आलेली उकळी. दहा मिनिटांत काम संपते. आणि या गरिबाच्या धान्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. मूगडाळ आणि तांदूळ यांची आटवल आजाऱ्यास देतात म्हणून निरोग्यांनी तिचा कमीपणा मानण्याचे कारण नाही; वर तुपाची धार आणि बाजूला तांबड्या भाजीची मूठ असली की ते पूर्ण जेवण होते. भाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह शरीरात अधिक उतरते. पावसाळा सरल्यावर आपल्या शेतांत होणारे अळसांदे सकाळी भिजत घातले तर रात्री त्यांचे तोंडाक होते. बांगड्याचे हुमण तर वाटण तयार असल्यास पंधरा मिनिटांचेही काम नाही. मासळी जास्त शिजली तर बिघडतेच. नाचणीच्या भाकरीत जो चुना असतो तो शंभर ग्रॅम पिठामागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आणि आपला उकडा तांदूळ साळीसकट उकडला जात असल्याने कोंड्याकडील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते व कांडल्यावरही बरेचसे टिकते. हे शास्त्र आपल्या आज्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांच्या मडक्यात ते होते.

येथे कोणी म्हणेल, 'मग अडचण ती कोणती? आजी करीत होत्या तेच करावे.' वकिलाच्या सवयीप्रमाणे आम्हांला येथे एक उलटतपासणी करावीशी वाटते. पिठी दहा मिनिटांत होते हे खरे. पण कुळीथ भाजून, भरडून, पाखडून, दळून ठेवले कोणी? हुमण पंधरा मिनिटांत होते. पण आदोळीवर नारळ कातला कोणी आणि रगड्यावर वाटण वाटले कोणी? जुना स्वयंपाक रात्री झटपट होत असे, कारण त्याची किंमत पहाटेपासून कोणी तरी चुकती केलेली असे. ती चुकती करणारी बाई आज सकाळी आठच्या बसने नोकरीवर जाते. पदार्थ आज्यांचे ठेवावयाचे असतील, तर आज्यांच्या श्रमाची वाटणी नव्याने करावयास हवी. जलद स्वयंपाकाचे सारे गुपित या एका गोष्टीत आहे, असे आमचे मत आहे.

वाटणीची भाषा गोव्याला नवी नाही. १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आमच्या कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्या वाट्याचे धनी होतात. पत्नीच्या संमतीवाचून पतीला घर-जमीन विकता येत नाही. या व्यवस्थेचा देशभर गौरव होतो आणि आम्हां गोमंतकीयांना तिचा अभिमान आहे. तो योग्यच होय. परंतु वारसांच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीची जी यादी न्यायालयापुढे येते, ती वाचताना आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. यादीत नारळाची झाडे येतात, काजूची बाग येते, तांब्याचे भाण येते. ते भाण रोज घासणारे हात मात्र यादीत कोठेच येत नाहीत.

अगदीच येत नाहीत असेही नाही. येतात ते फार उशिरा, माणूस गेल्यावर. जमशेटपूर येथील १९८९ च्या आगीत ज्या गृहिणी मृत्यू पावल्या, त्यांच्या घरकामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महिना ३००० रुपये धरले. पुढे ५ जानेवारी २०२१ रोजी, दिल्लीतील अपघातात गेलेल्या एका दांपत्याच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानावयाचे तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले. त्या निकालपत्रात २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतील आकडे आहेत: घरच्या बिनपगारी कामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते, पुरुष ९७ मिनिटे. भरपाई ठरविण्यासाठी हे आकडे न्यायाधीशांना उपयोगी पडले. पण जी बाई हयात आहे आणि आज सातला घरी येणार आहे, तिला भरपाई कोणत्या न्यायालयाने द्यावी?

हा प्रश्न आम्ही हवेत विचारीत नाही. काही काळामागे एक दांपत्य परस्पर संमतीने वेगळे होण्याचा सल्ला विचारण्यास आमच्याकडे आले. दोघे तरुण, दोघे नोकरदार, दोघांची बोलणी सभ्य. मारहाण नाही, व्यसन नाही, परका माणूस नाही. मग कारण काय, असे विचारता ती बाई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'वकीलसाहेब, मला सात वाजलेले सहन होत नाहीत.' तिच्या नवऱ्याला त्याचा अर्थ खरोखरच कळला नाही. आम्ही दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेविला आणि इन्व्हेंटरीच्या पद्धतीने प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामाची यादी लिहावी असे सुचविले. तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. त्याच्या चार ओळी झाल्या, आणि चौथ्या ओळीवर त्याची लेखणी थांबली. त्याने तिचा कागद मागून घेतला, सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेविला. त्यानंतर ती दोघे अर्ज करण्यासाठी आमच्याकडे आली नाहीत. अशील न आल्याचा आनंद वकिलाला क्वचितच होतो; तो त्या वेळी झाला.

आमच्या घरची व्यवस्था सांगण्यासारखी असेल तर ती एवढीच. आमच्या पत्नी डिचोलीकडील एका शाळेत शिकवितात. अस्नोडे-म्हापसा करून पेडण्यास पोचेपर्यंत त्यांना दिवे लागतात. आमचे काम साडेपाचला आटोपते. म्हणून सोमवार ते गुरुवार रात्रीचे रांदप आमच्याकडे, आणि उरलेले दिवस त्यांच्याकडे. सोमवारी शिवराक, तेव्हा आटवल, मंगळवारी पिठी, बुधवारी हुमण, गुरुवारी पुन्हा शिवराक, तेव्हा अळसांद्यांचे तोंडाक. बेत ठरलेला असल्याने 'काय करावे' यात जाणारा अर्धा तास वाचतो, आणि जेवणाचा खरा वेळखाऊ भाग चुलीवर नसून या विचारातच असतो. नारळ रविवारी मुलगा किसतो व वाटणे डब्यांत भरून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात जातात. अळसांदे सकाळी भिजत घालण्याचे काम मुलीकडे. उकडा तांदूळ शिजण्यास वेळ लागतो, म्हणून सकाळी थोडा अधिक शिजवितो. मात्र तो लवकर निववून शीतपेटीत ठेवावा लागतो, कारण आमच्या दमट हवेत भात तासन्‌तास बाहेर राहिला तर पोटास बाधतो, आणि पुन्हा गरम केल्यानेही ते विष नेहमी जात नाही. कुकराची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. कोंडलेल्या वाफेत पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून कडधान्य लवकर शिजते. पण कुकर चढविण्यास एक हात लागतो, आणि तो कोणाचा हे यंत्र ठरवीत नाही.

आरंभी आमच्या आईस ही मांडणी कशी वाटेल, याची आम्हांस शंका होती. तिने दोन दिवस पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी ओसरीवरून म्हणाली, 'चुलीक कोणाचो हात तें कळना, पुता. तिका फकत उजो जाय.' त्यानंतर लसूण सोलण्याचे काम तिने आपण होऊन घेतले.

पुरुषाने चुलीपुढे बसण्यात कमीपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी देवळाकडे पाहावे. आपल्या देवस्थानांत उत्सवाच्या दिवशी संतर्पण असते, तेव्हा शेकडो पानांचे खतखते आणि भात कोण करतो? बहुधा पुरुष रांदपीच. पहाटेपासून भाज्या चिरण्यास बसलेली मंडळीही महाजन आणि गावकरीच असतात, आणि त्या सेवेत कोणाची प्रतिष्ठा गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. नैवेद्याच्या ताटापुढे जो हात पवित्र ठरतो, तो घरच्या चार पानांपुढे हलका कसा होईल? अन्नास ब्रह्म म्हणणारी आपली माणसे ते शिजविण्याच्या कामास दुय्यम मानतात, ही विसंगती आपणच दूर करावयास हवी.

आमचा मुलगा आता नववीत आहे. त्याला पिठी करता येते, मासळी साफ करता येते, आणि भाकरी अजून गोल येत नाही, ती येईल. कधी काळी तोही लग्नाच्या नोंदणीस उभा राहील, आणि मालमत्ता एकत्र की वेगळी, हे त्याला कायदा विचारील. चुलीविषयी कायदा काहीच विचारणार नाही, आणि तसे कलम कोणत्याही करारात आम्हांस लिहून देता येणार नाही. ते घरात, रोज संध्याकाळी, विळीवर बसूनच घालून द्यावे लागते.