परदेशातली बक्षिशी

गेल्या महिन्यात पालम तालुक्यातले एक ओळखीचे बागायतदार कार्यालयात आले. मुलगा अमेरिकेत नोकरीला. त्याच्याकडे नवराबायको तीन महिन्यांसाठी निघालेले. कपडे कोणते न्यावेत, लोणचे नेऊ देतात का, हे सारे मुलाने सांगितलेले होते. मला विचारायला आले ते वेगळेच.

"साहेब, तिकडं हॉटेलात वेटरला वरून पैसे द्यावे लागतेत म्हणं. किती द्यायचे? पोराला इचारलं तर म्हणतो, तुम्ही नका काळजी करू. पण आपल्याला ठावं असावं की."

प्रश्न साधा होता. मला मात्र २०१८ सालचा युरोपचा दौरा आठवला आणि मी मनातल्या मनात खजील झालो.

कृषी खात्याच्या योजनेतून शेतकरी परदेशी अभ्यासदौऱ्याला जातात, हे वाचकांना ठाऊक आहे. निम्मा खर्च शासनाचा, पण त्याला तेव्हा एक लाखाची मर्यादा होती. बाकीचे पैसे ज्याचे त्याने घालायचे. आमच्या गटात जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेडकडचे मिळून ३२ शेतकरी होते आणि सोबत अधिकारी म्हणून मी. नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड असा दहा दिवसांचा कार्यक्रम. निघण्यापूर्वी प्रवास कंपनीचा कागद हाती पडला. त्यात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती : बसचा चालक आणि मार्गदर्शक यांच्या बक्षिशीसाठी दर माणशी रोज दोन युरो वेगळे ठेवावेत.

युरो तेव्हा ऐंशी रुपयांच्या घरात होता. म्हणजे माणशी दहा दिवसांचे सोळाशे रुपये. मी ती ओळ वाचली आणि कुणाला सांगितलीच नाही.

याचे कारण थोडे मागचे आहे. माझे वडील गावचे सुतार. वर्षभर शेतकऱ्यांचे नांगर, वखर, तिफणी नीट करायच्या आणि शिमग्याच्या सुमाराला ज्वारीच्या खळ्यावर जाऊन बलुते आणायचे, असा रिवाज होता. लहानपणी पोते धरायला मी बरोबर असे. काही घरे अशी की वडील दिसले की हाक मारून, आधी पाणी देऊन सूप भरभरून घालीत. काही घरी मात्र दिवसभर उन्हात उभे राहावे लागे आणि रास घरी गेल्यावर खळ्यात उरलेले मातेरे आमच्या पोत्यात पडे. आई ते दोन दिवस पाखडीत, निवडीत बसे. वडिलांनी कधी कुणाचे माप मोजले नाही, पण परतीच्या वाटेवर ते बोलत नसत. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. होऊन नोकरीला लागलो तेव्हा एकच ठरवले होते की आपला हात कुणापुढे पसरायचा नाही. शेतकरी प्रेमाने हुरडा घेऊन येतात तेव्हा तो मी सगळ्यांत बसून खातो. पण 'चहापाणी' या शब्दाची मला चीड आहे. पगारदार माणसाला वरून पैसे कशाला, हे माझे मत पक्के होते.

बसचा चालक पूर्व युरोपातला, पन्नाशीचा. रोज सकाळी आमच्या ३२ जणांच्या बॅगा (त्यांत भाकरी-चटणीची गाठोडीही आली) तो वाकून बसच्या पोटात रचायचा आणि रात्री काढून द्यायचा. साडेचार तास बस चालली की मात्र पाऊण तास थांबायचाच. मंडळी चिडली. मी चौकशी केली तेव्हा कळले की तिथला कायदाच तसा आहे आणि बसमधले यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते. दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायचीही मुभा नाही. आमच्याकडे रात्रभर गाडी हाकून दुभाजकावर चढवणारे चालक आठवले आणि मंडळी जरा गप्प झाली.

आल्समीरचा फुलांचा लिलाव पाहिला. तिथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबील त्याचा माल. आमच्या लोकांना तो इतका आवडला की बसमध्ये दोन दिवस टोमॅटोचे खोटे लिलाव चालले होते. असे सगळे छान चालले असताना शेवटच्या आदल्या संध्याकाळी मार्गदर्शकाने मला बाजूला घेऊन संकोचाने त्या ओळीची आठवण करून दिली.

आता काय करावे? बसमध्ये उभा राहून सांगितले. जिंतूरकडचे पटकेवाले मामा म्हणाले, "वो साहेब, सोळाशे म्हणजे निंदणाऱ्या बाईचे आठ-धा रोज झाले की. अन् ह्याला पगार न्हाई का?" त्यांचे चूक नव्हते. दहा दिवसांत सगळ्यांचे पैसे घड्याळे, चॉकलेटे यांत संपलेले. आधी सांगितले असते तर प्रत्येकाने बाजूला ठेवले असते. शेवटी मामांचीच टोपी फिरवली. रात्री खोलीवर मोजले तर ४१ युरो, त्यातही निम्मी चिल्लर, आणि एक आपला पाचाचा ठोकळा. दोन माणसांचे दहा दिवसांचे एवढेच. पलंगावर पसरलेली ती नाणी पाहिली आणि मला खळ्यातले मातेरे दिसले. या वेळी ते घालणारा मी होतो.

माझ्याजवळ होते ते पन्नास युरो त्यात घातले. तरी फार झाले नाहीत. सकाळी चालकाच्या हातात पाकीट दिले. त्याने उघडून पाहिले नाही. मान लवून खिशात ठेवले आणि मामांची बॅग उचलली.

पुढे आमच्या भागातून जाणाऱ्या प्रत्येक गटाला मी ही रक्कम इथेच, परभणीत, खर्चाच्या अंदाजात धरायला लावली. पालमच्या पाहुण्यांनाही जे माहीत होते ते सांगितले. नेदरलँड्समध्ये बिलातच सेवेचे पैसे धरलेले असतात. वरचा आकडा पूर्ण करून दिला तरी पुष्कळ. जर्मनीत पैसे टेबलावर ठेवून उठायचे नाही, देतानाच एकूण किती घ्यायचे ते वेटरला सांगायचे. इस्रायलला जाणारे आपले शेतकरी पुष्कळ. तिथे हॉटेलात शेकडा दहा ते पंधरा देतात. जपानमध्ये देऊच नये. तिथे विसरलेले पैसे समजून वेटर मागे धावत येतो. आणि पोलीस किंवा विमानतळावरचा अधिकारी यांच्या हातात कुठेही काही ठेवायला जाऊ नये, ती बक्षिशी नव्हे.

अमेरिकेचे म्हणाल तर शेकडा पंधरा ते वीस. एवढे ऐकून पाहुणे उडालेच. मग कारण सांगावे लागले. तिथल्या केंद्रीय कायद्याने बक्षिशी मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. बाकीची किमान मजुरी बक्षिशीतून भरून निघते असे धरलेले. न भरली तर मालकाने भरायची. काही राज्यांत मालकाला पूर्ण मजुरी द्यावी लागते, पण रिवाज सगळीकडे तोच.

"म्हणजे बलुतंच झालं की हे," पाहुणे म्हणाले. मी काही बोललो नाही.

परवा त्यांचा तिकडून फोन आला. तिथे म्हणे आता पैसे द्यायच्या यंत्रावरच आकडे येतात, अठरा, वीस, बावीस, बोट ठेवायचे. मुलाने वीसवर ठेवले. बाईंनी लगेच त्याचे रुपये करून पाहिले आणि संध्याकाळपासून स्वयंपाक घरीच सुरू केला आहे.